पाठकोरं कात्रण

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, जिथे बाकीचे लोक मुलांच्या ट्रॉफ्या ठेवतात, तिथे माझ्या तीन फायली आहेत. वर्तमानपत्रात छापून आलेली माझी पत्रं त्यांत चिकटवलेली आहेत. वाचकांच्या पत्रांचं जे सदर असतं त्यातली, पानाच्या तळाशी, बहुतेक वेळा एखाद्या गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीला खेटून. मीरा रोडचे खड्डे, भाईंदरच्या भुयारी रस्त्यात तुंबणारं पाणी, घोडबंदरच्या किल्ल्याकडे जाणारी आणि कधीच वेळेवर न येणारी बस, हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांतून फुटपाथवर येणारे पत्र्याचे तुकडे, मी काही म्हणून सोडलेलं नाही. माझ्या पत्रामुळे यातला एकही खड्डा बुजला नाही, हे कबूल. पण खड्ड्यावर लिहिलेलं पत्र छापून आलं की तो खड्डा मला जरा माझा वाटायला लागतो. त्यात रिक्षा आपटलेल्या एका रिक्षावाल्याला मी अभिमानानं सांगितलंही होतं, की इसपे मैंने लिखा है. तो म्हणाला, "तो भर भी देते, अंकल."

फायलींना नियम आहेत. पत्र मूळ पेपरातूनच कापलेलं पाहिजे. झेरॉक्स चालत नाही. कडा सरळ हव्यात, म्हणून कात्री नाही, पट्टी आणि ब्लेड. आणि कात्रणाला पाठ हवी. पाठ म्हणजे मागच्या बाजूला आलेलं काहीबाही: अर्धी निविदा, कुणा मंत्र्याचा कान, भरती-ओहोटीच्या वेळा. मी कात्रण फक्त वरच्या कडेला गोंद लावून चिकटवतो, म्हणजे उचलून पाठ बघता येते. पाठ असली की समजतं, हे खरोखर छापून आलं होतं, त्या दिवशीच्या जगात आपणही होतो. हे मी एकदा बायकोला समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. ती म्हणाली, "मेथीखाली कालचा पेपर आहे. तुझं नाहीये ना त्यात?"

मुंबईतली दोन खोल्यांची जागा विकून आम्ही मीरा रोडला राहायला आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा बिल्डिंगला रंगाचा वास होता, पाण्याचा टँकर यायचा आणि रस्ता पुढे चिखलात संपायचा. सामान उतरवत होतो तेव्हाच एक माणूस सायकल उभी करून आला आणि विचारलं, "पेपर कुठला टाकू?" नळाला पाणी यायच्या आधी आमच्या दारात पेपर आला. तोच माणूस परवा-परवापर्यंत येत होता. मधे सायकलची स्कूटर झाली, केस पांढरे झाले, बाकी काही बदललं नाही. तो उत्तनकडच्या डोंगरीचा. घरची भाजीची वाडी. पहाटे डोंगरीहून निघायचं, भाईंदरला गठ्ठे उचलायचे, मग मीरा रोडची लाइन, म्हणजे ठरलेली घरं, टाकत यायचं. माझ्याच वयाचा असेल. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला सायेब. सत्तावीस वर्षं रोज संबंध असलेला माणूस, आणि आमचं बोलणं सगळं मिळून तासभरही झालेलं नसेल.

त्याच्या बाबतीत एक गंमत होती, म्हणजे मी ती पेपराची गंमत समजत होतो. एरवी पेपर दाराच्या कडीत पहिलं पान वर करून खोचलेला असायचा, सगळ्यांच्या दाराला असतो तसा. पण माझं पत्र छापून आलेलं असलं की नेमकं तेच पान वर. दार उघडलं की समोर माझं नाव. कसं होतं हे कुणास ठाऊक. मी त्याचा फार विचार केला नाही, कारण माणूस आपल्या भाग्याचा फार विचार करत नाही. छपाईच्या वेळीच त्या दिवशी घडी तशी पडत असेल, असं मी धरून चाललो. एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, की चांगला मजकूर असला की कागद आपणहून वर येतो. सेक्रेटरी भले गृहस्थ, गुजराती. ते म्हणाले, "हां हां, साहेब, दूधमां मलाई आवे एम." दुधावर साय येते तशी, म्हणजे. मी ते कौतुक समजून घरी आलो.

आमच्या बिल्डिंगीत चाळीस फ्लॅट. एके काळी सकाळी जिन्यात उतरावं तर प्रत्येक दाराच्या कडीत काही ना काही: मराठी, गुजराती, हिंदी, एकदोन इंग्रजी. मग एकेक दार रिकामं व्हायला लागलं. कुणी म्हणे, मोबाइलमध्ये येतं. कुणी म्हणे, मुलं वाचत नाहीत. करोनात तर पेपराला हात लावायची भीती पसरली आणि तेव्हा बंद झालेले बहुतेक पुन्हा सुरू झालेच नाहीत. मी मात्र जिथे संधी मिळेल तिथे व्याख्यान देत होतो. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवर चर्चा चालू असताना मी छापील शब्दाच्या विश्वासार्हतेवर बोललो. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत बोललो. लोक नंतर माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढेनासे झाले, तेव्हा मला वाटलं त्यांना व्यायामाची गोडी लागली.

दोनेक महिन्यांपूर्वी एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो तर पेपरवाला लिफ्टपाशी भेटला. हातात आमचा एकच पेपर.

"सायेब, तुमच्या बिल्डिंगीत आता तुमीच," तो म्हणाला. "लायनीत पन थोरेच राहिलेत. पोरगा बोलतो, सोड आता, वाडीत बस. पन मी त्याला बोल्लो, ते पत्र लिवनारे सायेब हायेत, ते घेतात तवर मी जानार. ते बंद झाले का मी बंद."

मी छाती काढून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असे हात ठेवायला मला आवडतं. म्हणालो, "भाऊ, मी आहे तोवर पेपर आहे."

त्याच दिवशी घरी येऊन मी पत्र लिहिलं. भरभरून लिहिलं. छापील वृत्तपत्र कसं टिकलं पाहिजे, बोटानं सरकवलेली बातमी डोक्यात कशी राहत नाही वगैरे. शेवट मला फार साधला होता: 'वृत्तपत्र हा रोज सकाळी आपल्या दारात येणारा पाहुणा आहे. वाचकहो, त्याला विन्मुख पाठवू नका.' हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा ऐकताना मिक्सर लावला. पत्र ईमेलनं पाठवलं आणि वाट बघितली. हल्ली त्या सदराची जागा तळहाताएवढी झालीये, त्यामुळे आठवडे गेले, पत्र काही आलं नाही. मी विसरूनही गेलो.

मग माझा वाढदिवस आला आणि मुलीनं पुण्याहून टॅब पाठवला. "बाबा, यात सगळे पेपर येतात. अक्षर मोठं करता येतं." पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी अक्षर मोठं केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, पेपर यायच्या आधी, पांघरुणातच चार पेपर वाचून काढले आणि सहाला दारात आलेल्या पेपराकडे शिळ्या पोळीकडे बघावं तसं बघितलं. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की पेपर आणायचा, टीपॉयवर ठेवायचा आणि संध्याकाळी तसाच, घडी न मोडता, रद्दीत. मोडायची ती बायको, भाजी निवडायला.

मी स्वभावानं प्रामाणिक असल्यामुळे (हे माझं मत) मला हा दांभिकपणा सहन होईना. तो दूर करायचे दोन मार्ग होते, पेपर वाचणं किंवा पेपर बंद करणं. पहिला मार्ग मला सुचलाच नाही.

"बंद करतोय," मी जाहीर केलं.

"कोथिंबीर कशावर पसरू? टॅबवर?" बायको म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्या माणसाला काय सांगितलं होतंस तू? तोंडावर जाऊन सांग त्याला निदान."

तोंडावर सांगायचं म्हणजे सकाळी सहाला दारात उभं राहून, ज्या खांद्यावर हात ठेवला त्या खांद्याकडे बघत सांगायचं. मी व्हॉट्सअ‍ॅप केला. खड्ड्यांवर लिहिताना मी चार ओळींत आटपतो, पण त्या मेसेजला माझे अडीच परिच्छेद लागले. बदलता काळ, डोळ्यांचा त्रास, डॉक्टरांचा सल्ला, सगळं घातलं. डोळ्यांना मला काहीही झालेलं नाही. शेवटी लिहिलं, 'तरी कृपया एक तारखेपासून पेपर टाकू नये.' दुपारपर्यंत उत्तर नाही. मग एक शब्द आला: 'बरा.'

एक तारखेपासून कडी रिकामी. मला सुटल्यासारखं वाटलं, असं मी बायकोला सांगितलं.

पाच तारखेला सकाळी बायको फिरायला गेली होती आणि मी टॅब घेऊन बसलो होतो. बेल वाजली. मी सवयीनं आधी दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर पेपरवाला. हातात घडी घातलेला पेपर, स्वच्छ शर्ट, केस ओले करून विंचरलेले. आला वाटतं समजवायला, मी मनात म्हटलं. आता हा म्हणणार, सायेब, तुमी बोल्ला होतात. सोबत पेपरही आणलाय, म्हणजे भिडेखातर तरी मी ठेवून घेईन. मी श्वास रोखून दाराला चिकटून उभा राहिलो. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, चट्ट्यापट्ट्याचा लेंगा घालून, स्वतःच्या घरात, चोरासारखा. त्यानं दुसऱ्यांदा बेल वाजवली. जरा वेळ थांबला. एकदा सरळ भिंगाकडे बघितलं. मग वळला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेला. मी खुर्चीत येऊन बसलो आणि मला चक्क जिंकल्यासारखं वाटलं. काय जिंकलो होतो ते विचारू नका.

साडेनऊला डोंबिवलीहून माझ्या जुन्या ऑफिसातल्या मित्राचा फोन आला. "अरे, झकास! वाचलं तुझं पत्र. पाहुणा आवडला आपल्याला."

मी टॅब उघडला. सकाळी मी चार पेपर वाचले होते, पण पत्रांपर्यंत पोचलोच नव्हतो. कारण टॅबवर मी फक्त मथळे सरकवतो, हे सत्यही त्याच वेळी उजेडात आलं. पत्र होतं. पुरं होतं, एक शब्द कापला नव्हता. वर चौकट. सत्तावीस वर्षांत मला पहिल्यांदा चौकट मिळाली होती, आणि त्या पेपराचा अंक माझ्या घरात नव्हता.

बायको आली, तिनं टॅबवर पत्र वाचलं आणि हसत हसत सोफ्यावर बसली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली. पुढचं कोरडे पाषाण म्हणायची तिला गरजच पडली नाही, ते समोर उभं होतं.

मी आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि टॅबवरून प्रिंट काढून घेतली. सुरेख आली, गुळगुळीत पांढऱ्या कागदावर. उलटून बघितली. मागे काही नाही. कोरं. या कागदावरून कुणालाही वाटलं असतं की हे पत्र मी घरीच छापून घेतलंय, हौसेनं, नातवंडांच्या वाढदिवसाच्या पत्रिका छापतात तसं. झेरॉक्सवाला म्हणाला, "पीछे भी कुछ चाहिए तो डाल दूँ?" मी प्रिंट घडी करून खिशात घातली आणि अंक शोधायला निघालो.

स्टेशनच्या बाहेर, पूर्वेला, जिथे पेपराची फळी होती तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मी पेपर विचारला तर दुकानदारानं माझ्या हातातल्या टॅबला काच बसवायची का विचारलं. पुढे माझा न्हावी. त्याच्याकडे वर्षानुवर्षं पेपराची पानं सुटी होऊन चार गिऱ्हाइकांच्या हातात असायची. तिथे आता भिंतीवर टीव्ही. "अंकल, पेपर तो आप लाते थे," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं, वाचून झालेला मीच नेऊन द्यायचो. हाटकेशला एका गाळ्याबाहेर वडापाववाल्याच्या हाताशी पेपरांचा गठ्ठा दिसला, माझी आशा पालवली. मी दोन वडापाव मागवले आणि त्याच्या गठ्ठ्यात बोटं घातली. सगळे पेपर कधीचेच, तेलकट, आणि अर्धे तमिळ. तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला. मी दोन्ही वडे खाल्ले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग रिक्षानं भाईंदर पश्चिम. तिथे पुलाच्या खाली एक फळी शिल्लक आहे. फळीमागे एक आजोबा स्टुलावर बसून जपमाळ ओढत होते. त्यांच्याकडे माझ्या पेपराचे रोज चारच अंक येतात आणि चारही आठच्या आत जातात. "पाचवा मागवला का परत जातो," ते म्हणाले. "रोज घ्यायचा असेल तर सांगा, पाचवा मागवतो." मी म्हणालो, रोज नको, फक्त आजचा. त्यांनी माळेचा मणी पुढे ओढला आणि माझ्याकडे बघणं बंद केलं.

मी तिथूनच घरी फोन लावला. "कुठेच नाहीये," मी म्हणालो. माझा आवाज रडवेला झाला होता, हे कबूल करायला हवं. चौकटीचं पत्र होतं हो.

"सकाळी कुणी आलं होतं का?" बायकोनं विचारलं. "वॉचमन म्हणत होता, पेपरवाला वर गेला होता म्हणून."

मी म्हणालो, इथे पुलाखाली गर्दी फार आहे. माझं विषय बदलणं तिला वाचता येतं, त्याला टॅब लागत नाही.

"दार उघडलं नाहीस ना?" ती म्हणाली. "काखेत कळसा. जा आता गावाला वळसा घालून. भाईंदरला आहेसच, डोंगरीची बस पकड. थांब्यासमोर विहीर आहे, तिच्या मागचं निळ्या दाराचं घर."

"तुला कसं माहीत?"

"त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते मी. तुलाही बोलावलं होतं. तू लग्नातल्या लाउडस्पीकरवर पत्र लिहीत बसला होतास."

बस मिठागरांच्या कडेनं, मग झाडीतून गेली. सत्तावीस वर्षं हा रस्ता तो माणूस अंधारात उलट्या दिशेनं करत होता आणि मी एकदाही तो बघितला नव्हता. रस्ता बरा होता. मी खिडकीतून सवयीनं खड्डे मोजायला लागलो आणि लाज वाटून थांबलो.

निळ्या दारापुढच्या ओट्यावर तो वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मला बघून उठला, हात पुसले, आत कुणाला तरी चहा टाकायला सांगितलं. "सायेब! तुमी हितं?"

मी येताना वाक्य तयार केलं होतं, काही कामानं उत्तनला आलो होतो वगैरे. ते तोंडातून निघालंच नाही. "आजचा पेपर आहे का हो तुमच्याकडे?" मी म्हणालो.

"हाय ना. तुमचाच हाय." तो आत गेला आणि पेपर घेऊन आला. घडी घातलेला, पत्रांचं पान वर, आणि पानावर वरच्या बाजूला माझं नाव.

मी त्या घडीकडे बघत राहिलो. "भाऊ," मी म्हणालो, "ही घडी तुम्ही घालता?"

"मग कोन घालनार? गठ्ठा आला का मी आधी तुमच्या पेपराचा तो पान बघतो. तुमचा पत्र आला आसंल तर उलटून घालतो. सकाली सकाली तुमाला शोधायला नको."

म्हणजे चांगला मजकूर आपणहून वर येतो, ही माझी सत्तावीस वर्षांची थिअरी. सेक्रेटरीची मलई. मला त्या ओट्यावर बसावंसं वाटलं, म्हणून बसलो.

"मग सकाळी कडीत का नाही खोचलात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमी लिवलेलं ना, टाकू नका म्हनून. मग कसा टाकू? हातात द्यावा बोल्लो. आनि आज माझा शेवटचा फेरा व्हता. लाइन सोडली मी. उद्यापासून न्हाय जात. म्हटला, सोडताना सायेबांना त्यांचा पत्र द्यावा, चार शब्द बोलावे."

चहा आला. मी कप हातात धरून बसलो. त्याचा ओला भांग आणि इस्त्रीचा शर्ट मला आता समजला. मी घाईघाईनं म्हणालो, माझा पेपर पुन्हा सुरू करा, उद्यापासून, डोळ्यांचं काही नाही, डोळे ठीक आहेत. तो हसला. एका पेपरासाठी आता कुठे येऊ सायेब, म्हणाला, बाकीची सहा-सात घरं त्यानं दुसऱ्याला सांगून टाकली होती आणि त्या दुसऱ्यानंही बघतो एवढंच म्हटलं होतं.

"पन पत्र मस्त लिवलाय," तो म्हणाला. "येताना नाक्यावर च्याच्या टपरीवर वाचून दाखवला सगल्यांना. पावन्याचा तो वाक्य दोनदा वाचला. बोल्लो, हे आमचे गिऱ्हाइक. एक जन बोल्ला, हा लिवनारा सोता तरी घेतो का पेपर?"

मी कप खाली ठेवला.

"मी बोल्लो, घेतो. सत्तावीस वर्सां घेतो. एक दिवस खाडा न्हाय."

वालाच्या शेंगांकडे बघून मी कसाबसा म्हणालो, "भाऊ, सकाळी मी घरातच होतो."

"म्हाइत हाय," तो म्हणाला. "दाराचा भिंग उजेडानं चमकतो. आत कोनी डोला लावला का काला पडतो. पेपरवाल्याला ते कलतं, सायेब. बिलाच्या दिवशी बरेच भिंग काले पडतात." आणि त्यानं मला वाटेत खायला म्हणून ओंजळभर शेंगा कागदात बांधून दिल्या. दुसऱ्या पेपरात, माझ्या नव्हे.

मी दारामागे दडलो होतो हे माहीत असताना त्यानं नाक्यावर माझी लाज राखली. परतीच्या बसमध्ये मी एवढाच विचार करत होतो, दुसरा करता येईना. मांडीवर पेपर, त्यावर चौकट, चौकटीत पाहुणा. मी आयुष्यात बरंच खोटं लिहिलंय, पण इतक्या सुंदर चौकटीत पहिल्यांदाच.

तो अंक मी कापला नाही. तिसऱ्या फायलीत त्या जागी झेरॉक्सवाल्याची प्रिंट लावलीये, पाठकोरी. मला तीच शोभते. त्यानंतर मी संपादकांना एकही पत्र लिहिलेलं नाही. बायको म्हणते, मराठी वृत्तपत्रसृष्टीला निदान एवढा तरी दिलासा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंदरला गेलो आणि फळीवरच्या आजोबांना म्हणालो, पाचवा मागवत जा. त्यांनी विचारलं, रोज? मी म्हणालो, रोज. तेव्हापासून रोज जातो. जायला-यायला सव्वा तास लागतो, वाटेत माझा खड्डा लागतो. कधी पेपर वाचतो, कधी नाही वाचत, मेथीखाली जातो. पण घेतो. नाक्यावर कुणी पुन्हा विचारलं तर माझ्या पेपरवाल्याला खोटं बोलायला लागू नये.